इंगवले सरांचं 'येतो'

सूर्यकांत सरनाईकला इंगवले सरांना फक्त चहाला बोलवायचं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर हा उद्योग मुळात कुणाच्या डोक्यातून निघाला, असं लोक विचारतात. सूर्यकांतच्या डोक्यातून चहा निघाला होता. चहा, आणि बायकोला, सुनेत्राला, वेळ असला तर कांदेपोहे.

बाबाजी इंगवले हे कोल्हापुरातल्या त्याच्या कॉलेजचे एके काळचे फुटबॉल कोच. त्यांची मुलगी मुग्धा शारजात राहते आणि सर दोन महिन्यांसाठी तिच्याकडे आलेत, ही बातमी एका सकाळी 'करवीर किकर्स, यूएई' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. ग्रुपच्या नावावर जाऊ नये. त्यातल्या विसेक माणसांपैकी एकानंही कॉलेजच्या टीमकडून बॉलला कधी पाय लावलेला नव्हता. ही सगळी रेषेबाहेरची माणसं. हलगी बडवणारी, शर्ट काढून डोक्याभोवती फिरवणारी, रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी, आणि मॅच संपल्यावर खेळाडूंपेक्षा जास्त दमलेली. आता कुणी जबल अलीत वेअरहाऊस सांभाळतो, कुणी हमरियात पाइप विकतो. पोटं सुटलीत, केस गेलेत, पण अंगातलं कोल्हापूर काही गेलेलं नाही. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल खेळता आला पाहिजे असं मुळीच नाही. त्याचं फुटबॉलवर मत पाहिजे.

आणि इंगवले सरांवर तर दोन मतं होती.

झालं होतं ते असं. पंचवीसेक वर्षांपूर्वी कॉलेज पहिल्यांदाच फायनलला पोचलं. हाफटाइमपर्यंत कुणाचाच गोल नव्हता. तेवढ्यात कॉलेजचे चेअरमन मैदानात उतरले आणि माझ्या भाच्याला आता गोलकीपर म्हणून उतरवा, असं सरांना म्हणाले. भाच्याची उंची चांगली होती, बाकी सगळं देवाच्या हवाली होतं. सर नाही म्हणाले. चेअरमन चार लोकांत नको ते बोलले. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली, गेटापर्यंत चालत आले, तिथं 'येतो' म्हणाले आणि निघून गेले. ते आलेच नाहीत. भाचा उतरला आणि कॉलेजनं तीन गोल खाल्ले. महिन्याभरात सर सांगलीच्या एका कॉलेजात कोच म्हणून दिसले, आणि तेव्हापासून जे गुऱ्हाळ सुरू झालं ते पिढी बदलली, देश बदलला, तरी थांबलेलं नव्हतं.

सूर्यकांतच्या पार्टीचं म्हणणं असं की सर 'येतो' म्हणाले याचा अर्थ ते परत येणार होते, चेअरमननं त्यांना येऊ दिलं नसणार. दुसऱ्या पार्टीचा पुढारी सोमनाथ पोवार. तो म्हणायचा, सांगलीचं आधीच ठरलं होतं, मास्तर पळाला. आणि 'येतो'चं काय घेऊन बसलाय, मराठी माणूस निघताना कधी 'जातो' म्हणतो का? "आमचा आजा दवाखान्यात जाताना 'येतो' म्हणून गेला," सोमनाथ सांगायचा. "आला का?"

यावर सूर्यकांत एकच हुकमाचं पान टाकायचा. ते 'येतो' त्यानं स्वतः, गेटाला टेकून, आपल्या कानानं ऐकलं होतं. तसं पाहिलं तर ग्रुपातला प्रत्येक जण त्या दिवशी गेटवरच असल्याचं सांगायचा, आणि ते सगळं खरं धरलं तर एवढ्या माणसांच्या भारानं ते गेट पडलं कसं नाही हेच नवल. पण सर्वांत जवळ सूर्यकांत होता, हे सोमनाथही मान्य करायचा. ऑफिसात त्याला डावलून दोघं पुढे गेले होते. घरात पडद्याचा रंग ठरवतानाही त्याला कुणी विचारत नव्हतं. मात्र 'सर कोणत्या आवाजात येतो म्हणाले, ते मला विचारा' असं त्यानं म्हटलं की ग्रुपवर शांतता पसरायची. माणसाला जगायला एवढं पुरतं. आता खुद्द सर गावात आले होते. त्यांनी एकदा, फक्त एकदा, सोमनाथच्या देखत सांगावं की हो, मी परत येणार होतो, एवढीच सूर्यकांतची इच्छा होती.

ही इच्छा निकडीची होण्याला आणखी एक कारण होतं. सूर्यकांत आणि सोमनाथ शारजात एकाच बिल्डिंगमध्ये राहत आणि सोमनाथच्या गाडीतून रोज जबल अलीला जात. त्या रस्त्यावरचा ट्रॅफिक ज्यानं पाहिलाय त्याला कळेल की तेवढ्या वेळात कोणताही वाद मुळापर्यंत नेता येतो. गाडी सोमनाथची असल्यामुळे एसीही त्याच्या ताब्यात, आणि वाद चिघळला की सूर्यकांतच्या बाजूची हवा गरम व्हायची.

तर सूर्यकांतनं ग्रुपवर लिहिलं, 'शनिवारी सरांना घरी चहाला बोलावतोय.' तिथंच चुकलं. संध्याकाळपर्यंत अठरा जणांनी अंगठे दाखवले. सहा जणांनी फॅमिली आणू का विचारलं, आणि एकानं न विचारताच आणतो म्हणून कळवलं. हॉलमधला सोफा बाल्कनीत नेला तरी एवढी माणसं बसणार नाहीत, हे सुनेत्रानं मेसेज वाचूनच सांगितलं.

शेजारचे निनाद आपटे पुण्याचे. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही आणि तो त्यांना मनापासून आवडतही नाही, पण सल्ला द्यायला विषय कळावा लागतो असं त्यांनी कधी मानलं नाही. उंटांच्या देशात राहून ते शेळ्या उंटावरूनच हाकत. ते म्हणाले, मुळात 'चहा' या शब्दात वेळेची मर्यादा स्पष्ट होत नाही, चार ते पाच असं लिहायला हवं होतं. आता लिहून उपयोग नाही. तेव्हा बिल्डिंगचा पार्टी हॉल घ्या.

पार्टी हॉलची किल्ली नातूर अबुजरकडे. नातूर म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, पण वॉचमन म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते पुसून टाकावं. इथं नातूर हा संस्थानिक असतो. अबुजरनं सांगितलं की कुणीतरी वाढदिवस म्हणून माणसं जमवून तिथं साबण विकायची मीटिंग घेतली होती, तेव्हापासून मॅनेजमेंट फार कडक झालंय. "साब, बर्थडे है तो यल्ला, चाबी ले लो. मीटिंग है तो खलास." फॉर्मवर बर्थडे असणाऱ्या मुलाचं नाव लिहायचं होतं. सूर्यकांतनं पेन हातात घेऊन जरा इकडेतिकडे पाहिलं आणि मुलीचं, ईराचं, नाव टाकलं.

"डॅड, माय बर्थडे इज इन नोव्हेंबर," ईरा घरी म्हणाली. "दिस इज लायिंग."

सूर्यकांतनं तिला अॅडजस्टमेंट आणि खोटं बोलणं यातला फरक समजावून सांगितला. तिनं तो ऐकून घेतला आणि शनिवारी मी मैत्रिणीकडे असेन, असं कळवलं.

इकडे ग्रुपवर आग लागली. कुणीतरी 'सत्कार' हा शब्द वापरला. शाल, श्रीफळ आलं. त्याबरोबर सोमनाथनं जाहीर केलं की फायनल अर्ध्यात सोडून जाणाऱ्याचा सत्कार असेल तर आमचे आठ जण येणार नाहीत, आणि पांढरा रस्सा करणारा शाहीर त्या आठांतला आहे. मग 'स्नेहमेळावा' सुचवला गेला, तर सूर्यकांतच्या पार्टीला स्नेह फार झाला. 'भेट' फार कोरडी वाटली. दोन दिवस गाडीतली हवा इतकी गरम होती की सूर्यकांत ऑफिसात पोचेपर्यंत शर्टाची इस्त्री जायची.

शेवटी सुनेत्रा कंटाळून म्हणाली की तुमचे सर निरोप समारंभाशिवाय गेले ना, मग तोच करून टाका आता. हे दोन्हीकडे पटलं. सूर्यकांतच्या पार्टीला वाटलं, सरांचा राहिलेला मान त्यांना मिळतोय. सोमनाथच्या पार्टीला वाटलं, निरोप म्हटलं की माणूस स्वतःहून गेला होता हे सिद्धच झालं. तडजोड तीच चांगली, जिच्यात दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं.

बॅनर रिझवानकडे टाकला. त्याचं शारजातल्याच रोल्यात छपाईचं दुकान आहे, माणूस केरळातल्या अलेप्पीचा, कामाला चोख. ग्रुपनं चर्चा करून 'निरोप'च्या आधी 'भावपूर्ण' घालायला लावलं होतं. बॅनर साठ दिरहमला, म्हणजे चौदाशे रुपये झाले की, असं सूर्यकांत सवयीनं मोठ्यानं म्हणाला. रिझवानला तो आकडा केविलवाणा वाटला असावा. त्यानं आपल्या मनानं, वरचे पैसे न घेता, बॅनर सजवून दिला.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये बॅनर उलगडला. मधोमध सरांचा फोटो. फोटोला झेंडूचा जाड हार. दोन्ही बाजूंना तेवणाऱ्या समया. खाली मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण निरोप', आणि त्याखाली 'आपले शोकाकुल' एवढंच काय ते नव्हतं. रिझवानला फोन लावला. तो म्हणाला, "साब, बड़े आदमी को फूल तो लगाना पड़ता है ना." निनादरावांनी लांबून बॅनर पाहिला आणि जन्म-मृत्यूच्या तारखा तेवढ्या राहिल्यात, एवढंच म्हणाले.

दुसरा छापायला वेळ नव्हता. सोमनाथनं हारावर फुगे चिकटवायची युक्ती काढली, कारण बर्थडे म्हटल्यावर अबुजरनं फुगे आणि केक सक्तीचे केलेच होते. समया झाकल्या, हार अर्धा झाकला. झेंडू फुग्यांच्या फटींतून डोकावत राहिला आणि एकंदर देखावा असा झाला की इथं नक्की काय घडलंय हे पाहणाऱ्याला विचारायचं धाडस होऊ नये.

सर वेळेवर आले. बारीक झालेले, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात काठी, बरोबर मुग्धा. दारातच थांबून त्यांनी चष्मा वर केला, बॅनर वरपासून खालपर्यंत वाचला.

"कधी गेलो म्हणायचं मी?" त्यांनी विचारलं.

सूर्यकांतनं घाईघाईनं सगळा खुलासा केला. मुग्धाला निरोप या शब्दाचीच धास्ती बसली होती. बाबांचा व्हिजिट व्हिसा अजून महिनाभर आहे, कुणी काही सांगितलंय का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिची समजूत घालेपर्यंत अबुजर दारात हजर. त्याला बर्थडेचा केक कापलेला बघायचा होता, मॅनेजमेंटला फोटो पाठवायचा होता. "बच्ची किधर है?" तो म्हणाला.

बच्ची मैत्रिणीकडे होती. हॉलमध्ये वीस टकलं आणि एक केक. सूर्यकांतनं आयुष्यात पहिल्यांदाच झटकन निर्णय घेतला आणि सरांच्या हातात सुरी दिली. मग करवीर किकर्सनी, ज्यांच्या आवाजानं एके काळी समोरच्या टीमचे पाय लटपटायचे, टाळ्या वाजवत हॅपी बर्थडे म्हटलं. अबुजरनं फोटो काढला, सरांना सौ साल जियो इन्शाल्ला म्हणाला आणि केकचा कोपरा घेऊन गेला.

"वाढदिवस आणि तेरावं एकाच मांडवात उरकताय होय?" सर खुर्चीत बसत म्हणाले.

पण ते रागावले नव्हते. शाहीरचा पांढरा रस्सा आला, त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. मग एकेकाला जवळ बोलावून कुठल्या पेठेतला, आणि टीममध्ये कुठं खेळायचास, असं विचारू लागले. पहिला म्हणाला, बाहेर होतो सर. दुसराही बाहेर. पाचवाही बाहेरच निघाल्यावर सर हसले. "तरीच. तोंडं काही आठवंनात," ते म्हणाले, "आवाज मात्र ओळखीचे वाटाय लागलेत."

सूर्यकांतला ते फार लागलं. सरांसाठी एवढी वर्षं भांडलो, आणि सरांना आपलं नावही ठाऊक नाही. पण ते दुःख त्यानं बाजूला ठेवलं, कारण त्याची वेळ आली होती. वकील शेवटचा साक्षीदार राखून ठेवतो तशी आपण ऐकल्याची गोष्ट त्यानं राखून ठेवली होती. आधी सरांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, मग आपण हळूच म्हणावं, मी तिथंच होतो, सर. तो उभा राहिला. सोमनाथ बरोबर समोर बसलाय याची खात्री केली.

"सर, त्या दिवशी गेटवर तुम्ही काय म्हणालात, ते एकदा सगळ्यांना सांगा," तो म्हणाला. "परत यायचं होतं ना तुम्हाला?"

सरांनी वाटी खाली ठेवली.

"'येतो' म्हणालो," ते म्हणाले.

सूर्यकांतची छाती फुगली. पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच. त्यानं सोमनाथकडे बघितलं. सोमनाथ पापणीही न हलवता सरांकडे बघत होता.

"परत यायचं होतं का नव्हतं, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं बघ," सर पुढे म्हणाले. "रागानं उठलो होतो. माणूस रागानं उठतो तो काय जायला उठतो? गेटात आलो, 'येतो' म्हणालो आणि उभा राहिलो जरा. आपल्यात 'येतो' म्हटलं की समोरचा 'या' म्हणतो. नकोसा पाहुणा असला तरी म्हणतो. कुणी 'या' म्हणालं असतं तर पलीकडच्या गाड्यावर चहा मारून आलो असतो मागारी. कुणी म्हणालं नाही. चहा घेतला, दुसऱ्या हाफची शिट्टी झालेली ऐकली, तरी बसून होतो. मग गेलो. सांगलीचं पत्र त्यानंतर आलं." ते थांबले. "चेअरमनचं मी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण गेटावर पोरं होती की. ऐकलं आणि गप्प बसली. म्हटलं, पोरांनाबी आपण नको झालोय."

मग हळूहळू गेट रिकामं होऊ लागलं. पंचवीस वर्षं त्या गेटवरून जे हटले नव्हते, त्यांतला एक त्या वेळी पाणी प्यायला गेला होता म्हणाला. एकाला आता पुसटसं आठवत होतं की तो झाडावर होता. शाहीर तर त्या फायनलला आलाच नव्हता, त्याला कावीळ होती. एवढं झाल्यावर सगळ्यांच्या नजरा सूर्यकांतकडे वळल्या, कारण सर्वांत जवळ कोण होतं हे ठरलेलंच होतं.

ते 'येतो' सूर्यकांतला जसंच्या तसं आठवत होतं, आवाजातल्या खरखरीसकट. सर त्यानंतर क्षणभर उभे राहिले होते, हेही आठवत होतं. तो तेव्हा चेअरमनच्या भाच्याकडे बघत होता, भाचा हातमोजे उलटे घालत होता म्हणून. 'या' म्हणायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्याची साक्ष आज खरी ठरली होती, आणि ती खोटी असती तर बरं झालं असतं असं त्याला अगदी आतून वाटलं. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"हलगी माझी होती, सर," सोमनाथ म्हणाला.

सरांनी मान वळवली.

"गेटाला लागूनच बडवत होतो. कानात येऊन बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं कुणाला."

सोमनाथची हलगी त्या दिवशी पहिल्याच हाफमध्ये फुटली होती, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती कशी फुटली यावर ग्रुपमध्ये वेगळे वाद झाले होते. पण कुणी हूं की चूं केलं नाही. सरांनी उभ्या असलेल्या सूर्यकांतकडे बघितलं.

"होय रे? ऐकूच गेलं नाही कुणाला?"

एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द उच्चारला की सूर्यकांतपाशी सांगण्यासारखं काहीच उरणार नव्हतं. उद्यापासून ग्रुपात तो इतरांसारखाच एक. सरांचा हात वाटीवर तसाच होता.

"नाही, सर," सूर्यकांत म्हणाला. "मी गेटाला टेकूनच होतो. काहीच ऐकू आलं नाही."

"अस्सं होय," सर म्हणाले. थोडा वेळ त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. चष्मा काढून उपरण्याच्या टोकानं पुसला आणि पुसतच राहिले. मग शेजारी बसलेल्या मुग्धाच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "हलगी होती बघ. पोरांना ऐकूच गेलं नव्हतं."

सोमनाथनं मान खाली घातली होती. सरांनी वाटी पुढे केली आणि सूर्यकांतनं तीत रस्सा वाढला.